हिरव्या पाण्याचा पडदा

तसं नाही हो मिस्त्री, तुमच्या यंत्राला मी कशाला नावं ठेवू — बसा, ते स्टूल घ्या, ते नको, त्याचा पाय डुगडुगतो — यंत्र झकासच आहे, फार झकास, तिथंच तर घोटाळा झाला. आता ही टाकी बघा, भिंतीतच बसवलेली, अलीकडे आमची खोली, पलीकडे स्वयंपाकघर, मधे मासे. आधी पाणी असं हिरवंगार असायचं की मासा काचेला नाक लावेल तेव्हाच दिसायचा. चिरंजीवांना ते खपेना. त्यात माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले, काही दगावले, मग त्यांनी तुम्हाला बोलावून हे सगळं बसवून घेतलं — तो रोगजंतू मारणारा ओझोनचा डबा, वीज कडाडून गेल्यावर येतो तसला वास येणारा, आणि नळीत कोंडलेला हा यूव्हीचा दिवा. पाणी त्याच्या जवळून हळूहळू जातं आणि त्यातलं शेवाळ, रोगराई, सगळं मरतं. बरोबर ना? तुम्हीच सांगितलं होतंत, मी विसरत नाही. थोड्याच दिवसांत असं झालं की जणू टाकीत पाणीच नाही, मासे नुसते हवेत लटकलेत.

चांगलंच की, म्हणाल तुम्ही. मासे बरे झाले, चांगलंच. पण त्या दोन खुर्च्या दिसतात का टाकीला लागून? तिथं मी आणि आमची ही संध्याकाळी चहाला बसायचो. मला साखर बंद. कडक बंद. तर ही काय करायची, मुठीत एक बिस्किट लपवून आणायची, अर्धं तिचं, अर्धं माझं — बिस्किटाचं काही नाही हो, तिच्या मुठीत सादळून जायचं ते — पण भरवायची ती. स्वतःच्या हातानं. एरवी चारचौघांत माझ्या शेजारी बसायची नाही, आणि त्या हिरव्या पाण्याआड मात्र — जाऊ द्या, तुम्ही आमच्या मुलाच्या वयाचे. तर पाणी निवळलं, आणि लगेच पलीकडून टकटक! चिरंजीव, हातात चमचा, काच वाजवतायत, "बाबा, तोंडात काय आहे?" ही जी उठली ती पुन्हा त्या खुर्चीत बसली नाही. तेव्हापासून एकटाच चहा प्यायलो, माशांच्या तोंडाकडे बघत. तेही तोंड हलवतात, पण बोलत नाहीत.

बरं, काच काय एकाच बाजूनं दिसते? मलाही दिसायचं. एकदा सूनबाई कामावरून आली, कानात गाणं घातलं, हातात झारा, आणि काय नाचली! मी आपली टाळी वाजवली. तशी लाजून लाल, धुतलेलंच पातेलं पुन्हा धुवायला लागली. परत काही नाचताना दिसली नाही.

आणि आता बघा — हल्ली पाण्याला जरा हिरवी झाक आलीय, दिसते ना? काल ही आली, टाकीकडे नीट निरखून पाहिलं, आणि बसली. खुर्चीच्या टोकावर, पण बसली! आणि आज तुम्ही दारात, नवा दिवा घेऊन. तुम्हीच म्हणाला होतात, वर्षानं हा दिवा पेटतो पण दम राहत नाही — मग राहू द्या की जुनाच! निळा उजेड दिसतो ना, तेवढं पुरे, मीही तसाच चाललोय. माशांना त्रास होणार असेल तर नको, सरळ सांगा... ओझोन चालू राहिला तर नाही होणार? झालं तर मग. फक्त सूनबाईला कळू देऊ नका, तुम्हाला फोन तिनंच केलाय —

हसताय काय? ते खोकं असं उलटं का धरलंत? यात तर — अहो, हे रिकामं आहे! दिवा कुठाय? ... आणलाच नाही? कोण म्हणालं आणू नका? ... सूनबाई? नुसतं झाकण उघडा, बंद करा आणि जा म्हणाली?

वा गं पोरी.

थांबा, पलीकडे सावली हलली. चिरंजीव असणार, बघायला आलेत. खोकं उंच धरा मिस्त्री, जरा आणखी उंच, वरचं दिव्याचं चित्र त्याच्याकडे करा — हो रे, हो! बसवला नवा दिवा!

चला, आटपा आता. आमची चहाची वेळ झाली.