दिवेलागणीची रिंग

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न. माणसाची हाक लांब पोचते ती कशाने? यंत्राच्या जोराने, की ऐकणाऱ्याच्या कानाने? घाई नको, उत्तर शेवटी मिळेल!

पूर्वी तार यायची. तारवाला दारात दिसला, की बायका रडायलाच बसायच्या — वाचायच्या आधी! मग कुणीतरी वाचायचं, ‘मुलगा झाला’ — की त्याच ओल्या डोळ्यांनी पेढे! पुढे ट्रंक कॉल आला. मद्रास लांब, म्हणून आमचे अण्णा असे ओरडायचे, की फोन नसता तरी मद्रासला ऐकू गेलं असतं! हसताय काय? तुमचेही अण्णा ओरडायचेच!

मग आला मोबाइल. आपली कथा तिथली.

विट्याकडच्या एका वाडीत हौसाबाई राहायची. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा धनाजी. तिकडची पोरं गलाईला जातात — जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचा धंदा, पार मुलखाच्या टोकाला! धनाजी बायकोला घेऊन गेला कोइमतूरला. तेव्हा बोलणं महाग. म्हणून मायलेकाचं ठरलं — आईनं दिवा लावायचा, एक रिंग द्यायची आणि कट करायची. म्हणजे ‘मी बरी हाय.’ त्यानं उलट एक रिंग द्यायची. म्हणजे ‘मी बी.’ उचलायचं कुणीच नाही!

वर्षं गेली. बोलणं फुकटासारखं झालं, चेहरा दिसायला लागला. भावकीचा ग्रुप निघाला — सकाळ झाली, की गुलाबाच्या फुलांचा ढीग! आणि हौसाबाई? दिवा लावला — एक रिंग — कट!

एकदा धनाजी चिडला. भट्टी पेटलेली, गिऱ्हाईक डोक्यावर उभं, आणि नेमकी तेव्हाच आईची रिंग! रात्री आईला म्हणाला, “आई, आता कुठं पैसं पडत्यात? ती रिंग बंद कर की!”

“बरं बाबा,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सांज झाली. रिंग नाही! धनाजीनं फोन लावला. वाजतोय, वाजतोय — उचलत नाही. त्याची बायको शालन ताट वाढत म्हणाली, “रुसल्या असतील. तुमीच बंद करा म्हनला न्हवं?”

धनाजीनं ताट सारलं. “आगं, जन्मात माझं कवा ऐकलंय तिनं? आन् आजच ऐकंल व्हय?”

मंडळी, आईला ओळखणं म्हणजे हे! त्यानं शेजारच्या भगवानतात्यांना फोन लावला.

“तात्या, आमच्या घरात दिवा दिसतोय का बघा.”

तात्या अंगणात आले. “न्हाई रं. अंधार हाय.”

“मग पळा, तात्या!”

हौसाबाई गोठ्यात पडलेली. दुपारीच म्हशीच्या दाव्यात पाय अडकला, खुब्याचं हाड मोडलं. ओरडून ओरडून घसा बसलेला. फोन घरात, खुंटीच्या पिशवीत — आणि तिथं तो टुंग टुंग वाजत होता! ग्रुपवर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा चालल्या होत्या!

तात्यांनी जीप काढली, दवाखाना गाठला. हाड बसवलं, जीव वाचला. धनाजी धावत आला. आई त्याला बघून ओशाळली.

“एवढ्या लांबनं आलास? त्या दिशी रिंग द्यायची राहिली बघ.”

“न दिलेली पोचली, आई,” म्हणाला, आणि तिच्या पायांशी बसून ढसाढसा रडला. मलाही इथं भरून येतं, मंडळी. येऊ दे!

म्हणून यंत्राला शिव्या देऊ नका. तात्यांना त्यानंच अंगणात आणलं! पण यंत्र आलेली हाक पोचवतं. हाक आली नाही, हे कळायला आपलं माणूस लागतं. तार गेली, ट्रंक कॉल गेला, खिशातलं हेही उद्या जाईल. हे कळणं मात्र जाऊ देऊ नका!

आता सांगा, तुम्हाला कुणाची हाक बरेच दिवस आली नाही? आठवलं ना कुणी? बघा, मान खाली गेली! टाळकरीबुवा, थांबा — गजर नंतर. एरवी कीर्तनात फोन वाजला तर मी खवळतो. आज काढा! लावा त्या माणसाला! देव थांबेल तेवढा वेळ, त्याला सवय आहे.