पाळण्याची कडी

सुपेल्यातल्या आमच्या घरमालकाची कमाल ऐका. आम्हाला कारखान्याचं क्वार्टर मिळालं, म्हणून बाळाला कडेवर घेऊन अनामत परत मागायला गेले. तर म्हणतो, "पाळण्यासाठी तुमी छताच्या लाकडात कडी ठोकली, लाकूड चिरलं. आता कायचे पैसे?" मी मॅट्रिक झालेली, पण मलाही ते खरं वाटलं, आणि मी परत निघाले.

तेवढ्यात खोली पाहायला एक गरोदर बाई आली. मालक लगेच गोड झाला. "या ना बाई, पाळण्याची कडीबी लावून ठेवली!"

मी घाईनं तिला म्हणाले, "अहो, नका टांगू पाळणा! लाकूड चिरलंय, आत्ताच हे म्हणाले."

बाई दारातच थबकली.

"कोन म्हनते चिरलं? पक्कं सागवान हाय!"

"मग माझे पैसे कावून अडवले?"

मेल्यानं खिशात हात घातला.