डोळे आखायच्या राहिलेल्या फायली

नाय हो काळुकाका, मी तिला एक शब्द बोललो नाय — बसा आधी, पंखा लावतो. तुमची नम्रता सोमवारपासून माझ्या छपाईच्या दुकानात कामाला येत नाय, तिकडं हमरापूरला तोंड फुगवून बसलीय, आणि तुम्ही मूर्तींचा कारखाना सोडून पेणला आलात, तेपण ऐन गणपतीच्या तोंडावर — म्हणजे चूक माझीच. व्हय, माझीच. झालं काय, कॉम्प्युटरची डिस्क भरली. डिस्कमध्ये कप्पे असतात, कप्प्यांत आणखी कप्पे. एकेकात शिरून केर कोण काढणार? मी पडलो आळशी — एकच कमांड दिली, साऱ्या कप्प्यांत फिर आणि नावापुढं टीएमपी असेल ती फायल पूस. टीएमपी म्हणजे तात्पुरतं, टाकाऊ — सगळे तसंच धरतात. पण तुमची लेक मूर्तिकाराची. डोळे आखल्याशिवाय तुम्ही मूर्ती गिऱ्हाइकाला दाखवता का? नाय ना — तशी ही शेवटचा हात फिरेपर्यंत प्रत्येक फायल टीएमपीच ठेवते. पत्रिका, हँडबिलं, तुमच्या कारखान्याचा बोर्ड — एका दमात साफ. आणि मी वर हसतोय, म्हणतोय डिस्क बघ कशी हलकी झाली. तिनं चप्पल घातली नि गेली.

पण आणलं हो परत. गंमत बघा, पुसायची कमांड सगळीकडं आपोआप फिरली, परत आणायची मात्र फिरत नाय — एकेका कप्प्यात आपणच जायचं, आणि दर फायलीच्या नावाचं पहिलं अक्षर आपण सांगायचं, पुसताना तेवढंच उडतं म्हणून. मग काय, एकेक उघडून बघत गेलो. तिच्या कप्प्यात अगदी तळाला एक लग्नपत्रिका निघाली, गिऱ्हाइकाची नाय — चि. सौ. कां. नम्रता, आणि — जाऊ दे. चहा मागवू? नाय, तसं काय नाय त्यात. नवरदेवाच्या जागी — काका, देवाशप्पथ, मला काय ठाऊक नव्हतं, मलाबी परवाच कळलं. व्हय, प्रविण. मीच. इतका आनंद झाला, दुकानात एकटाच हसत बसलो. मी वाचलं हे तिला अजून ठाऊक नाय — तुम्ही फक्त तिला कामावर पाठवा, बाकी मी —

उठलात? बघायचीय? बरं, या इकडं, चष्मा लावा. ही बघा — तारीख नाय, मुहूर्त नाय, कच्चीच हाय. पण खाली निमंत्रक म्हणून तुमचंच नाव घातलंय तिनं, सगळ्यात मोठ्या अक्षरांत.