पाण्याच्या बाजूने

(न्यू हॅम्पशायर, २००८. नॅशुआतल्या एका घरात रिटायर्ड केमिकल इंजिनिअर मोरेश्वर राज्याच्या विधिमंडळापुढे उद्या होणाऱ्या सुनावणीतल्या भाषणाची तालीम करताहेत. समोर खुर्चीत त्यांची बायको रत्ना, डोक्याला स्कार्फ बांधलेली.)

मोरेश्वर : ...तेव्हा सन्माननीय सदस्यहो, पार्थिव पाण्यात विरघळवायची परवानगी दोन वर्षांपूर्वी याच राज्याने दिली, ती आता काढून घेऊ नका. धूर नाही, ज्वाळा नाहीत. गरम पाणी आणि कॉस्टिक सोडा, बस्स! ...हसतेस काय?

रत्ना : फोडणी सांगितल्यासारखं सांगताय. चालू द्या.

मोरेश्वर : 'आम्हा हिंदूंना पाणी पवित्र. माझ्या घरातलं कुणी गेलं, तर हाच पर्याय मी अभिमानाने निवडीन.' इथे जरा पॉज घेणार आहे.

रत्ना : छान. मला पटलं.

मोरेश्वर : खरंच?

रत्ना : अगदी. माझं तसंच करा.

मोरेश्वर : तसंच म्हणजे?

रत्ना : पाण्याने. कीमो बंद करायचं ठरवलं ना आपण, तेव्हा हे एक बोलायचं राहूनच गेलं होतं.

मोरेश्वर : अगं, हे... हे पॉलिसीबद्दल आहे. लोकांना चॉइस असावा, एवढंच. आपल्याला आहे की अग्नी. बॉस्टनहून गुरुजी येतात, मंत्र नीट म्हणतात...

रत्ना : मग 'माझ्या घरातलं कुणी' म्हणजे कोण? या घरात तुम्ही आणि मी.

मोरेश्वर : भाषणात तसं म्हणायची पद्धत असते.

रत्ना : लोका सांगे ब्रह्मज्ञान!

मोरेश्वर : ते उरलेलं पाणी कुठे जातं, माहितेय? ड्रेनमध्ये. सरळ गटारात!

रत्ना : मघाशी तर 'संपूर्ण निर्जंतुक' म्हणालात.

मोरेश्वर : असतंच ते निर्जंतुक. पण तू...

रत्ना : दरवर्षी गॅरेजमध्ये बादलीत गणपती बुडवतो आपण. ते पाणी तुम्ही टोमॅटोला घालता. बाप्पा कधी रागावला नाही.

मोरेश्वर : भलत्या तुलना करू नकोस. आणि अस्थी? अस्थींचं काय?

रत्ना : मिळतात की. पांढऱ्याशुभ्र. तुमच्याच दुसऱ्या पानावर आहे.

मोरेश्वर : महाराष्ट्र मंडळातले लोक काय म्हणतील?

रत्ना : गटार, अस्थी, लोक. अहो, उद्या विरोधातले हेच बोलणार आहेत. त्यांच्याच बाकावर जाऊन बसा ना! त्यांना आयता इंजिनिअर मिळेल.

मोरेश्वर : चेष्टा पुरे, रत्ना. का हवंय तुला हे?

रत्ना : माझी मैत्रीण उत्तरा गेली तेव्हाचं आठवतं? गुरुजी म्हणाले, मुलाने अग्नी द्यायचा. आणि इथला अग्नी म्हणजे भिंतीवरचं बटण. तिच्या ऋषीने ते दाबलं, आतून भट्टी पेटल्याचा आवाज आला, आणि एवढा मोठा मुलगा मटकन खाली बसला. आपल्या लेकीला, अंतराला, मी ते करू देणार नाही.

मोरेश्वर : अगं, पण पाण्याच्या मशीनलाही बटण असतंच. कुणीतरी दाबावंच लागतं.

रत्ना : ते तुम्ही दाबा. जन्मभर पेपर मिलमध्ये दुसरं काय केलंत?

मोरेश्वर : ते लाकूड होतं! लाकडाचे तुकडे कॉस्टिकमध्ये शिजवायचो आम्ही. त्याचं शेवटी काय होतं, ते मी रोज पाहिलंय. दुसऱ्या कुणाचं असेल तर मी डोळे मिटून सही करीन. तुझं नाही गं करवणार माझ्याच्याने.

रत्ना : मग उद्या हेच बोला.

मोरेश्वर : हे?

रत्ना : हेच. मला हे सोसवत नाही, तरी बायकोला हवंय म्हणून मागायला आलोय. तुमच्या आकड्यांना ते सन्माननीय लोक जांभया देतील. हे ऐकतील.

मोरेश्वर : आणि नाही ऐकलं तर? कायदा रद्द झाला तर इथला फ्युनरल होमवाला ते पाण्याचं मशीन आणणारच नाही.

रत्ना : तर मग भट्टी. पण तिथलं बटणही तुम्हीच दाबायचं, अंतराने नाही. एवढं कबूल करा.

मोरेश्वर : कबूल.

रत्ना : मग ते 'घरातलं कुणी' खोडा. 'माझी बायको' लिहा.

मोरेश्वर : लिहिलं. ...उद्या येशील माझ्याबरोबर? नुसती मागे बसून राहा.

रत्ना : येईन. पण बोलताना माझ्याकडे बघू नका. रडाल, आणि त्यांना वाटेल, तुम्ही विरोधातले.