राखेचं कडं

…सकाळधरनं ढगच आहेत बघ, वारं पडलंय, पवनेकडनं काळं चढत चाललंय — भातकापणीत असलं आभाळ वाईट. बस पोरी, घोंगडीवर बस. तेजल ना तू? माझा पोरगा अमृत तुझं नाव घ्यायचा, हापिसात शेजारी बसता म्हणायचा. त्याचा कांपुटर न्यायला आलीस, ने की — चहा तर घे आधी.

काय म्हणलीस? त्याचं काम मला कसं ठाव? अगं, त्यानंच सांगितलं, खळ्यावर बसून. कांपुटराच्या पोटात खोटी खोटी यंत्रं असतात म्हणला — खोटा क्यामेरा, खोटा पडदा — अन् ती चालवायला ड्रायव्हर. मी म्हणलं, एसटीचे? लय हसला. म्हणला, आबा, एक ड्रायव्हर चित्र करतो, दुसरा त्याची नक्कल आपल्या जागेत वाहून नेतो, फुकटची हमाली. आमी दोघांत एकच जागा ठेवणार. चित्र हालवायचंच न्हाई, नुसतं म्हणायचं, आता तुझं. अन् पहिल्यानं ‘तुझं’ म्हणंस्तवर दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई. मी म्हणलं, मग हे तर आपलं खळंच झालं की!

ते बघ, कुंपणापल्याड. आमचं अन् शेजारच्या निवृत्तीचं खळं एकच, आज्यापासनं. ज्याची रास त्यानं भोवती राखेचं कडं वढायचं. उचलली की ज्यानं वढलं त्याच्याच घरानं पुसायचं, मग दुसरा पाय ठेवणार. ताडपत्रीखाली रास दिसती ना? अमृतची ती. सुट्टी काढून आलता, मळणी केली, कडं वढलं अन् गाडीवर पोती आणाय गेला तळेगावला. येताना सोमाटण्यापाशी ट्रकनं… व्हय. तुला ठावंच हाय.

निवृत्तीचं भात कापून वावरात पडलंय. ढग बघतोय, पर कड्यात येत न्हाई. मला ‘पुस’ बी म्हणत न्हाई. मीच सांगतो, अजून पोती मिळंनात रं — मिळंनात कशी? हायेत की, माळ्यावर. पोलिसांनीच आणून दिली, घडी बी मोडली नव्हती. त्यात भरू कसं गं मी? अन् कडं पुसू कसं? बोट वढलंय त्याचं राखंत, दिसतंय अजून.

रडू नगं. एक सांग — मी त्याला इचारलं होतं, ज्याच्या हातात जागा तो ड्रायव्हरच मधी मेला तर? म्हणला, दुसरा तसाच थांबून राहतो आबा, म्हणून मधी एक राखणदार बशिवतोय, मेलेल्याच्या हातनं जागा सोडवून देणारा. तेवढंच ऱ्हायलंय. तू पुरं करणार ना? बरं. बरं झालं. कर.

चल, ऊठ आता, बेगडेवाडीला लोकल मिळंल तुला. कांपुटर पिशवीत नीट धर. मला बी पोती घेऊन खळ्यावर जायचंय, पाऊस यायच्या आत. सकाळी निवृत्तीला म्हणलं, उद्या पुसतो रं, नक्की — तर म्हणला, “घाई करू नगं गेणूभाऊ. माझं भात गेलं तर पुढल्या साली पुन्हा येईल.”