टाचणीखालचा घोडा

दोन हजार अठरा साल, मे महिना, पंख्याखाली बसूनसुद्धा मान घामानं ओली, आणि मी, जन्मभर पँटी शिवलेला माणूस, नऊशे पानांची कादंबरी मोठ्यानं वाचतोय! कोणासाठी? वहिनींसाठी. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरा आधीच अधू, डॉक्टर म्हणाले वाचायचं नाही, आणि बाईंचा जीव पुस्तकात अडकलेला.

आता नाही कसं म्हणणार, तुम्हीच सांगा. चौथीत शाळा सुटली तेव्हा मला धड जोडाक्षर येत नव्हतं. वाचायला शिकवलं ते या वहिनींनी, लग्न होऊन आल्या त्या वर्षी, स्वयंपाक करता करता. एक शब्द गाळला की ओळ पहिल्यापासून.

तर कादंबरी. पहिल्याच प्रकरणात एक घोडा लिफ्टमध्ये शिरतो. का? सांगत नाहीत. दार बंद होतं, लिफ्ट वर जाते, आणि लेखक निघाला दुसरीकडेच! एका बाईची सावली हरवते, एक म्हातारा टेलिफोनला पाणी घालतो, एक माणूस छताकडे बघत पडतो तो अकरा पानं पडूनच... आणि घोडा? घोडा लिफ्टमध्येच.

तुम्हाला सांगतो, मी शिंपी. कापड जास्त झालं की आतून दुमडायचं, टाचणी मारायची, बाहेरून कोणाला कळत नाही. तेच केलं. छताची पानं, टाचणी. सावलीवाल्या बाईचं स्वप्न, टाचणी. वहिनी विचारायच्या, घोड्याचं काय झालं? मी म्हणायचो, येतंय पुढं. येणारच ना! बटण लावणारा माणूस काजं करतोच की.

संपलं पुस्तक. शेवटच्या पानावर कोणीतरी खिडकी लावतं, बास. घोडा लिफ्टमध्येच. मी पुस्तक मिटलं. मग वहिनी म्हणतात कशा, "माझंच लक्ष उडालं असेल, भाऊजी. त्या गोळ्यांनी मधेच डोळा लागतो. आता असली पुस्तकं पेलायची नाहीत मला." आणि सुनेला सांगितलं, हे उद्या वाचनालयात देऊन टाक, दुसरं आणू नकोस.

घरी आलो, ताट बाजूला सारलं. बायको विचारते, कोणाची पँट उसवली? तिला काय सांगू? घोडा टाचणीखाली होता हो! मी दाबलेला, आणि ती बाई स्वतःच्या डोक्याला दोष देत बसलेली.

सकाळीच गेलो. सुनेच्या हातातून पुस्तक घेतलं, म्हटलं, वहिनी, थोडी पानं राहिलीत. टाचण्यांची डबी मांडीवर घेतली आणि लागलो वाचायला. छत, अकराच्या अकरा पानं. टाचणी डबीत पडली की टिक वाजायचं आणि वहिनींची मान जराशी वळायची. एकदा जोडाक्षराशी अडखळून पुढं सटकलो, तर म्हणाल्या, "पहिल्यापासून." मी पहिल्यापासून. घसा बसला. दर टाचणीला वाटायचं, आता निघेल, आता टापा वाजतील... शेवटची टाचणी काढली. पान संपलं.

घोडा लिफ्टमध्येच.

"म्हणजे लक्ष होतं माझं," वहिनी म्हणाल्या, आणि सुनेला हाक मारली, "वाचनालयात जातेस ना? दुसरं घेऊन ये गं. याहून जाड बघ."

मी डबीचं झाकण लावलं.