पुसलेले प्रश्न

माहेरपण संपवून रुपाली जळगाव जामोदला सासरी निघाली होती. देऊळघाटच्या थांब्यावर ती लेकराला मांडीवर घेऊन बसची वाट पाहत होती. शेजारी कॉलेजच्या दोन पोरी बोलत होत्या.

"तोंड काऊन पाडलं व, प्रणाली?"

"इतिहासाचं पुस्तक पुढच्या पोरीले द्याचं म्हणून सारं पुसून काढलं मी."

"मंग? कोरं करूनच द्या लागते ना."

"अव, त्याच्यात कोणीतरी पेन्सिलनं प्रश्न लिहेल होते. दुष्काळात राजानं धान्य वाटलं, असं छापेल होतं. बाजूले लिहेल, 'हे राजाच्याच माणसानं लिहिलं ना? उपाशी माणसाले कोणी इचारलं काय?'"

"परीक्षेत येते काय ते?"

"नाही येत. पण वर्षभर मी तिच्यासंग भांडत भांडतच वाचलं. आता पुस्तक उघडलं तं नुसतं छापेल दिसते. हात कसा धजला माहा, काय मालूम."

"पण होती कोण ते?"

"कोणाले मालूम? किती जणींच्या हातून आलं ते पुस्तक. शिकून मोठी साहेबीण झाली असन कुठं."

बस वळणावर दिसली. रुपालीनं लेकराला कडेवर घेतलं.

"बाई, त्याच्यात एक विहिरीचाही प्रश्न होता ना? राजानं सगळ्यांसाठी विहिरी बांधल्या, त्या धड्यात. 'सगळ्यांसाठी म्हणजे कोणाकोणासाठी?' त्याचं उत्तर सापडलं काय तुले?"

प्रणाली झटकन तिच्याकडे वळली.

"तो तं मी सगळ्यात आधी पुसला, ताई."